मयताचं नाव

कादंबरीतल्या प्रेताच्या अंगावरचे कपडे चुकलेत, अशी तक्रार घेऊन वाचनालयात येणारा वाचक माझ्या माहितीत एकच आहे. उत्रेश्वरमामा टेलर. पुस्तक टेबलावर आपटायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, आधी तक्रार सांगायची आणि मग रामराम घालायचा, हा त्यांचा क्रम.

"संदिपाना, हे शेटजी पालथे पडलेत ना? पान अठरा. तोंड जमिनीकडं, पाठ वर. बरूबर?"

"बरोबर, मामा."

"मग पान एकोणीसला ह्या इन्स्पेक्टरनं त्यांच्या कोटाची बटणं मोजली कशी? मयत उलटं केल्याचं कुठंच लिवलं न्हाई. खालून हात घातला का त्यानं?"

मी पान एकोणीस वाचतो. मामांचं खरं असतं.

मी मांजरसुंब्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी पदवी घेतली नाही. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि घरात पुस्तक म्हणजे माझंच शाळेचं पुस्तक. त्यामुळे मी वाचकांची तक्रार हसण्यावारी नेत नाही. टेबलावर सूचनांची एक वही ठेवली आहे. तिच्यात लोक पंखा फिरत नाही, पेपर उशिरा येतो, असं लिहितात. पुस्तकांबद्दलच्या तक्रारी सगळ्या एकट्या मामांच्या आहेत. एक सांगतो. "खुन्यानं झब्ब्याच्या खिशात पिस्तूल लपवलं आणि भर लग्नात चार तास नाचला. झब्ब्याचा खिसा काय असतो ते लेखकाने टेलरला विचारावे. पिस्तूल गुडघ्याला आपटले असते."

मामांचं दुकान चौकात, ढाब्यांच्या ओळीमागे एका जिन्याखाली आहे. आत मशीन आणि मामा एवढंच मावतं, गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. तयार कपडे आल्यापासून नवं शिवणं जवळपास संपलं. ट्रकवाल्यांच्या उसवलेल्या पॅन्टी, पिशव्यांच्या चेनी आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश, एवढ्यावर दुकान चालतं. बाकी वेळ वाचन, तेही फक्त खुनाच्या कादंबऱ्यांचं. सामाजिक कादंबरी एकदा मी आग्रहानं दिली होती. दुसऱ्या दिवशी परत आली. "मरत कुणीच न्हाई, नुसते रडतेत," म्हणाले.

वाचनालयाच्या पुस्तकावर पेनानं खुणा करू नयेत, हा नियम मामा पाळतात. ते साबणानं खुणा करतात. कापडावर रेघ मारायला टेलर लोक आंघोळीच्या साबणाची झिजलेली वडी वापरतात, त्याच वडीनं मामा चुकीच्या ओळीखाली रेघ ओढतात. त्यामुळे आमच्या रहस्यकथांच्या कपाटाला मोरीसारखा वास येतो. आणि पुस्तक फसलं असेल तर त्यांचा निकाल एका शब्दाचा असतो. "उसवली." कुठं उसवली तेही ते सांगतात. सुरुवातीला, मधी, नाहीतर शेवटाला. बहुतेक सगळ्या शेवटाला उसवतात.

हे ज्ञान त्यांना नुसतं मशीनवर बसून आलेलं नाही. मामा पोलिसांचे ठरलेले पंच आहेत. पंचनामा करताना गावातले दोन साक्षीदार लागतात, ते पंच. पुढं कोर्टात तारखेला उभं राहावं लागतं म्हणून लोक हे काम टाळतात. पोलिसांची जीप दिसली की चौकातल्या टपऱ्यांवरची माणसं चहा अर्धा टाकून गायब होतात. मामा मात्र मशीनवर फडकं टाकून जीपमध्ये बसतात. आमच्याकडे घाट आहे, मोठा रस्ता आहे, रात्रंदिवस गाड्या आहेत. मयतं सापडतात. त्यातल्या काहींची ओळख पटत नाही, आणि तिथं मामांचा उपयोग होतो. शिवलेल्या शर्टाच्या कॉलरमध्ये आतून टेलरचं लेबल असतं. त्यावरून दुकान सापडतं, दुकानावरून माणूस. मामांनी असे तिघेजण घरी पोचवले आहेत. ठाण्यातले जमादार मला एकदा म्हणाले, "काय बे ग्रंथपाल, तुझ्या सगळ्या कपाटातले डिटेक्टिव्ह एकीकडं आन् हा म्हातारा एकीकडं."

माझ्यावर मामांचे उपकार आहेत. मी कॉलेजला बीडला जायला निघालो तेव्हा त्यांनी वडिलांच्या जुन्या पॅन्टीची मला पॅन्ट करून दिली. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. दरवर्षी ते थोडं उसवून द्यायचे. तीन वर्षं ती पॅन्ट माझ्याबरोबर वाढत गेली आणि वर्गात कुणाला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात घाटाखाली रस्त्याच्या एका मोरीजवळ मेंढपाळांना एक मयत दिसलं. पुरुष, चाळीस-पंचेचाळिशीचा. डोक्याला मार. जवळ पाकीट नाही, फोन नाही. गाडीनं उडवलं असावं, असं पोलिसांचं मत पडलं. मामा पंच म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले ते तक्रार न करता आले. समोर बसले आणि म्हणाले, "शिवलेला शर्ट हाय, संदिपाना. पांढरा, बारीक निळी उभी रेघ."

"मग सापडेल की, मामा. लेबल?"

"धुऊन धुऊन गेलं. नुसते चार दोरे राह्यलेत." त्यांनी हाताचे तळवे टेबलावर ठेवले. "पर तिसरं बटण बदललंय. टेलर बटण लावतो त्याची गाठ दिसत न्हाई. ह्याची गाठ आतून, ढोबळी. आन् पांढऱ्या शर्टाला काळा दोरा. म्हंजी घरच्या बाईनं लावलंय, घाईत. हाताशी जो दोरा व्हता त्यानं. कळलं का? घरी कोणीतरी हाय त्याला."

मी विचारलं, "मग हरवल्याची तक्रार कशी नाही?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. ऊसतोड्याचा मुलगा असून मी हे विचारत होतो. हंगाम चालू होता. निम्मा जिल्हा बाहेर कारखान्यांवर गेलेला. "घरच्यास्नी वाटतंय फडात हाय," मामा म्हणाले. "फडातल्यास्नी वाटतंय घरी गेला. तक्रार कोण देणार?"

जमादारांनी सांगून ठेवलं होतं की फोटो सगळ्या ठाण्यांना गेलेत, मयत बीडला सरकारी दवाखान्यात ठेवलंय. आठवडाभरात कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून पुरावं लागेल. त्या आठवड्यात मामांना त्या माणसाचं नाव पाहिजे होतं. बाकी काही नको होतं. कुणी मारलं, कशानं मेला, हे पोलीस बघतील म्हणाले.

आणि मग त्यांनी माझ्याकडं जे मागितलं ते मागणारा वाचकही मी पुन्हा बघणार नाही. "अनोळखी मयताची कादंबरी दे. चांगल्या लेखकाची. ते लोक कसे शोधतेत बघू."

मला हसू आलं नाही. पुस्तकात सगळं सापडतं, असं मीच गावाला सांगत आलो होतो. नवीन खरेदीतली एक जाड कादंबरी मी काढून दिली. मुखपृष्ठावर काळं पाणी, पाण्यातून वर आलेला हात. पहिल्याच पानावर एका तळ्यात अनोळखी प्रेत सापडतं. मागच्या बाजूला छापलं होतं की शेवटच्या ओळीपर्यंत श्वास रोखून धराल. मामांनी पुस्तक पिशवीत घातलं, दवाखान्यातून औषध न्यावं तसं.

रोज सकाळी ते येऊन अहवाल देऊ लागले.

"साठ पानं झाली. अजून कॉलर बघितली न्हाई त्यानं."

"बघेल, मामा."

"बघंल कवा? इन्स्पेक्टर तीनदा कॉफी पिला. एकदा बायकोशी भांडला. मयताकडं गेलाच न्हाई."

तिसऱ्या दिवशी: "एकशे चाळीस. आता तो दुबईला गेलाय."

"कोण? मयत?"

"मयत कावून जाईल? इन्स्पेक्टर! तळं इथं, मयत इथं, आन् ह्यो दुबईला. तिथं एक बाई हाय, निळ्या झग्यातली. झग्याचं वर्णन दीड पान केलंय बघ. मयताच्या शर्टाला अर्धी ओळ न्हाई."

तरी ते वाचत राहिले. शेवटी तरी तो मयताचं नाव शोधून काढणार, असं त्यांना वाटत होतं. त्याशिवाय कोण एवढं जाड पुस्तक लिहील? पण सहाव्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा बगलेत पुस्तक नव्हतं, वर्तमानपत्राची गुंडाळी होती. "वीस पानं राह्यलीत. ती नंतर वाचू. गाडी काढ," म्हणाले.

मी दारावर 'कामानिमित्त बंद' अशी पाटी लावली. ती पाटी मी तोपर्यंत वापरली नव्हती.

गुंडाळीत शर्ट होता. म्हणजे कागदाचा. ठाण्यात मुद्देमालातला शर्ट बघून मामांनी त्याच्या खिशाचा, कॉलरचा, खांद्याचा काप जुन्या वर्तमानपत्रावर काढून कात्रीनं कापला होता. टेलर दुसऱ्या टेलरचा हात ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. जशी आपण चिठ्ठी बघून कुणाचं अक्षर ते सांगतो.

लिंबागणेशला पहिलं दुकान एका तरुण पोराचं होतं. भिंतीवर आरसा, आरशाभोवती रंगीत दिवे. मामांनी कागदी शर्ट त्याच्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, "बघ, कुणाचा हात हाय?"

पोरगं वाकलं. बराच वेळ बघत राहिलं. मग म्हणालं, "मामा, ही बातमी लई जुनी हाय. हा नेता आता दुसऱ्या पक्षात गेला."

"बातमी वाचू नको बे! काप बघ, काप!"

त्याला काप कळला नाही. त्याच्या बापाला कळला. बाप आत खाटेवर पडून होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "खिशाची कोर तिरपी हाय. पेनाला आत येगळा कप्पा. हे आष्टीकडचं काम. कड्याला जा."

कडा म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. मोटारसायकलवर मामा मागं बसून कागद पोटाशी धरून होते, वाऱ्यानं फाटू नये म्हणून. कड्यात चौथ्या दुकानात रहीमचाचा भेटले, मामांच्याच वयाचे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि इस्त्री फिरवावी तसा त्यावरून हात फिरवला. हात खांद्यापाशी थांबला.

"हौ," ते म्हणाले. "माझाच हाय."

मामांनी माझा दंड धरला.

"डावा खांदा उतरता कापलाय बघा. डाव्या खांद्यानं मोळ्या वाहून वाहून उतरला व्हता त्याचा. सरळ कापला असता तर झोळ पडला असता." चाचा आठवून बोलत होते. "गेल्या साली, दिवाळीच्या आधी आल्ता. बायको संगं व्हती. बाहेर उन्हात उभी राह्यली. म्या म्हणलं, बाई, आत या. न्हाई आली."

"नाव काय त्याचं?" मामांनी विचारलं.

चाचांनी फळीवरून वही काढली, पानं चाळली, परत ठेवली. "कापड ठिवून जातो त्याचं नाव लिवतो आपण. हा गेलाच न्हाई. दोन दिवस समोर त्या पायरीवर बसून शिवून घेतला. समोर बसलेल्या माणसाचं नाव कावून लिवू? पावणे, पावणे म्हणत व्हतो."

"गाव?"

"लांबून आलो म्हणला. टोळीत चाललोय म्हणला. कुठल्या कारखान्याला, ते म्या इचारलं न्हाई." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "दोन दिवस, भाईजान. दोन दिवस बसला व्हता. च्या पिलो आमी संगं. येक सवाल इचारला न्हाई."

मामांनी त्या पायरीकडं बघितलं आणि कागद गुंडाळला. त्यांच्याही दुकानासमोर पायरी आहे.

आष्टी मागं पडेपर्यंत मला वाटलं मामा झोपले. मग कानाशी आवाज आला, "म्या बी न्हाई इचारत, संदिपाना. ट्रकवाले येतेत, पॅन्ट शिवून घेतेत, जातेत."

जमादारांनी मामांचं ऐकून ऊसतोडीच्या दोन-चार मुकादमांना फोन केले. डावा खांदा उतरलेला, असा कोण? एक मुकादम फोनवरच हसला. "जमादार, माझ्या टोळीत उजवा-डावा दोन्ही खांदे सरळ आसलेला माणूस दावा."

आठव्या दिवशी बीडला नेऊन पुरलं. नगरपालिकेची दोन माणसं, जमादार, मामा आणि मी. काम करणाऱ्यांनी नीट केलं, घाई केली नाही. एकजण मामांना म्हणाला, "तुमचे कोण?" मामांनी मान हलवली आणि मूठभर माती टाकली. कागदावर 'अनोळखी पुरुष' असं होतं. खाली पंचाची सही मामांची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाचनालयात आले. पुस्तक हातात होतं. रामराम नाही, तक्रार नाही. पुस्तक त्यांनी आपटलं नाही, हळू ठेवलं. मी विचारलं, "शेवटाला उसवली का?"

"काल रातच्याला वाचली राह्यलेली वीस पानं. म्हणलं, आपल्याला न्हाई गावलं, ह्यानं तरी काढलं आसंल." त्यांनी चष्मा काढला. "त्या तळ्यातल्या माणसाला चुकून मारलं व्हतं म्हणं. मारायचा दुसराच कोणी व्हता. ते कळल्यावर इन्स्पेक्टर काय म्हणतो ठाव हाय का? म्हणतो, 'असेल कुणीतरी.' आन् गाडीत बसून बायकोकडं जातो. संपलं."

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो जाईपर्यंत मामा थांबले.

"आपल्याला न्हाई सापडलं, मान्य. आपण टेलर माणसं. रहीमनं इचारलं न्हाई, लेबल धुऊन गेलं, मुकादम हसला. आपला इलाज न्हाई. पर त्या लेखकाच्या हातात तर पेन व्हता ना? त्याला कुठं कड्याला जायचं व्हतं? बसल्या जागी येक नाव लिवायचं. दगडू लिव, किसन लिव. काय जात व्हतं त्याचं?"

सूचनांची वही मी पुढं सरकवली. मामांनी ती उघडली नाही. "दुकानात चल," म्हणाले. "काम हाय. कागद घे."

जिन्याखाली मी पहिल्यांदा आत गेलो. दोघं मावत नव्हतो. मामांनी शटर अर्धं खाली ओढलं, गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला, शर्ट काढला आणि बनियनवर माझ्यासमोर उभे राहिले. उंच दिसणारा हा माणूस बनियनवर एवढासा झाला.

"माझं माप घे. तुझी मामी व्हती तवर ती टेपाचं दुसरं टोक धरायची. ती गेल्यापासून अंदाजानंच शिवतोय. आन् वर नाव लिव आधी. उत्रेश्वर. पुरं नाव लिव. गाव लिव."

मी लिहिलं. छाती चौतीस. पोट तेहतीस. बाही बावीस.

"खांदा सतरा आसंल."

"सोळा आहे, मामा."

"टेप ढिला धरला तू."

"सोळाच आहे."

"मग इतके दिस ढगळंच घालतोय म्या," ते स्वतःशीच म्हणाले. "सोळा लिव. हा कागद तुझ्यापाशी ठिव. पोरगी पुण्याला हाय, तिला फोनवर काय कळणार? तू रोज गावातच आसतोस."

मी हो म्हणालो. सोळा लिहिलं.

"आता खुणा. त्या बी लागतेत. डाव्या पायाची करंगळी वाकडी. उजव्या अंगठ्यात सुई मोडली व्हती, तिचा वण. आन् पाठीवर तीळ हाय, मामी म्हणायची. म्या काय बघितलेला न्हाई, मला कसा दिसंल? तू बघ, हाय का."

ते पाठमोरे झाले. मी बनियन वर केलं. मशीनवर वाकून वाकून मणके वर आलेले होते. उजेड कमी होता, म्हणून मी शटर थोडं वर सरकवलं आणि नीट बघितलं.

"आहे," मी म्हणालो. "पण एक नाही, मामा. दोन आहेत. एकाखाली एक."

"दोन?" मामा तसेच पाठमोरे उभे राहिले. "मामी तर येकच सांगायची. पंचवीस वर्सं येकच सांगितला तिनं."

मी पुन्हा मोजले. दोनच होते.

मामांनी बनियन खाली ओढलं.

"दुसरा मागून आला आसंल," ते म्हणाले. "ती गेल्यावर. बघायला कुणी नव्हतं. लिव. दोन लिव."